खोबणीतला तुकडा

इन्फ्लुएन्झा ए विषाणूच्या आवरणाला आतून एम१ नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं. २५२ अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्यातली ५८ ते ६६ क्रमांकांची नऊ अमिनो आम्लं ओळीने अशी येतात: ग्लायसीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, ग्लायसीन, फिनाइलअॅलनीन, व्हॅलीन, फिनाइलअॅलनीन, थ्रिओनीन, ल्युसीन. विषाणूच्या बाहेरचे काटे सारखे रूप बदलतात, म्हणून फ्लूची लस पुन्हापुन्हा नव्याने बनवावी लागते. हा आतला तुकडा मात्र जवळजवळ सगळ्या इन्फ्लुएन्झा ए विषाणूंत जसाच्या तसा सापडतो. ज्याच्या पेशींवर एचएलए-ए२ नावाचा रेणू आहे अशा माणसाला फ्लू होऊन गेला, की फ्लूविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्याच्या मारक टी पेशींत नेमक्या या तुकड्याच्या मागावर असलेल्या पेशींचा भरणा डोळ्यात भरण्यासारखा असतो.

या विषाणूच्या सगळ्या प्रथिनांत मिळून चार हजारांवर अमिनो आम्लं आहेत. त्यातून नऊ-नऊचे तुकडे पाडायचे म्हटले तरी हजारो निघतील. मग हाच का? उत्तराचा अर्धा भाग आपल्या स्वतःच्या रेणूत आहे आणि उरलेला टी पेशीत. दोन्ही अर्धे आज अणूंच्या पातळीवर प्रत्यक्ष पाहून झालेले आहेत, म्हणून मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

आधी अडचण समजून घेऊ. रक्तात फिरणारी प्रतिपिंडं मोकळ्या विषाणूला थेट चिकटू शकतात. पण विषाणू एकदा पेशीत शिरला की प्रतिपिंडांचा हात तिथे पोचत नाही. अशी बाधित पेशी हेरून मारायचं काम मारक टी पेशींचं, आणि त्यांनाही पेशीच्या आत डोकावता येत नाही. त्यामुळे पेशीच आपल्या पोटात काय चाललं आहे त्याचा नमुना बाहेर मांडते. कलिंगडवाला जशी एक फोड काढून आतला रंग दाखवतो, तशी प्रत्येक पेशी आपल्या प्रथिनांचे लहान तुकडे पृष्ठभागावर धरून ठेवते. धोका असो वा नसो, हे चालूच असतं. निरोगी पेशीवर तिच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे असतात, टी पेशी ते चाचपतात आणि पुढे जातात.

हे तुकडे पाडतो प्रोटिआसोम. नको असलेली, बिघडलेली किंवा चुकीची घडी पडलेली प्रथिनं या पोकळ नळीसारख्या यंत्रणेत जाऊन तुटतात. टॅप नावाचा वाहक त्यातले काही तुकडे पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिकेत ओढून घेतो. तिथे हे तुकडे धरणाऱ्या एचएलए रेणूची जड साखळी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या छोट्या प्रथिनाबरोबर अर्धवट तयार होऊन थांबलेली असते. टॅपासीन नावाचं मदतनीस प्रथिन तिला आधार देतं आणि घट्ट बसणारा तुकडा मिळेपर्यंत सैल बसणारे तुकडे सुटू देतं. तुकडा नीट बसला की सगळी जोडणी पक्की होते आणि रेणू पृष्ठभागाकडे निघतो. तुकड्याशिवायचा रेणू फार काळ टिकत नाही, विस्कटून जातो. ही सगळी प्रक्रिया किती महत्त्वाची आहे ते विषाणूंना पक्कं ठाऊक असल्यासारखं त्यांचं वागणं आहे. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचं आयसीपी४७ हे प्रथिन टॅपचं तोंडच बंद करतं. मानवी सायटोमेगॅलोव्हायरसची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिनं तर नव्याने बनलेले एचएलए रेणू मागे खेचून मोडीत काढायला लावतात.

आपल्याकडे बहुतेक लोकांच्या कानावर एचएलए ही अक्षरं पडतात ती मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जेच्या रोपणाच्या वेळी. आई, भाऊ, बहीण सगळ्यांच्या रक्ताची तपासणी होते, ‘मॅचिंग’ किती आलं याची घरभर चर्चा होते. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर दाटीवाटीने असल्यामुळे बहुधा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात, म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक. या रेणूंचा शोधही याच वाटेने लागला. १९३०च्या दशकात लंडनमध्ये पीटर गोरर आणि पुढे अमेरिकेतल्या बार हार्बर इथे जॉर्ज स्नेल यांनी उंदरांत एच-२ हा जनुकसमूह शोधला. एका उंदराची गाठ दुसऱ्यात रुजते की नाकारली जाते हे त्यावर ठरत होतं. १९५८ मध्ये पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी माणसातला असा पहिला रेणू ओळखला. तोच पुढे एचएलए-ए२ म्हणून ओळखला गेला. पण निसर्गात कुणी कुणाला मूत्रपिंड देत नाही. शल्यविशारदांची अडवणूक करायला हे रेणू घडलेले नाहीत हे उघड होतं. मग ते कशासाठी आहेत, हे पुढची पंधरा वर्षं कुणाला नीट सांगता येईना.

उत्तर कॅनबेरात मिळालं. १९७३ मध्ये जॉन कर्टिन स्कूलमध्ये पीटर डोहर्टी हा ऑस्ट्रेलियन पशुवैद्य आणि रॉल्फ झिंकरनागेल हा स्वित्झर्लंडहून आलेला तरुण डॉक्टर एकाच प्रयोगशाळेत काम करत होते. एलसीएमव्ही नावाच्या विषाणूची बाधा झालेल्या उंदरांच्या मेंदूभोवतीच्या द्रवातून टी पेशी काढण्यात डोहर्टी तरबेज होते. त्या पेशी मारतात किती, हे मोजायची पद्धत झिंकरनागेल यांच्या हातात होती. लक्ष्य असलेल्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियम-५१ पाजायचं आणि विषाणूची बाधा द्यायची. त्यांच्यावर टी पेशी सोडायच्या. पेशी मेली की क्रोमियम बाहेरच्या द्रवात गळतं. ते मोजलं की किती पेशी मेल्या ते कळतं. लक्ष्य म्हणून वापरलेल्या पेशी एच-२के या प्रकारच्या उंदराच्या वंशातल्या होत्या. त्याच प्रकारच्या उंदराच्या टी पेशींनी त्या सपाट्याने मारल्या. एच-२डी प्रकारच्या उंदराच्या टी पेशींनी, त्याच विषाणूशी लढून आलेल्या असूनही, त्यांना हात लावला नाही.

१९७४ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मध्ये आलेला तो लेख जेमतेम दोन पानांचा आहे. त्यात सांगितलेली गोष्ट मात्र रोगप्रतिकारशास्त्राची दिशा बदलणारी होती: टी पेशी विषाणूला एकट्याला ओळखत नाही. विषाणूचं काहीतरी आणि स्वतःच्या शरीराचा एच-२ रेणू, दोन्ही एकाच वेळी समोर आले तरच ती हलते. या कामाला १९९६ मध्ये नोबेल मिळालं. पण लेख आल्यावर लगेच एक वाद सुरू झाला होता. टी पेशीला दोन वेगवेगळे ग्राहक आहेत का, एक विषाणूसाठी आणि एक स्वतःच्या रेणूसाठी? की एकच ग्राहक आहे आणि तो विषाणूमुळे बदललेला स्वतःचाच रेणू ओळखतो? दहा वर्षं दोन्ही बाजूंनी जोरदार युक्तिवाद झाले. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टी पेशीच्या ग्राहकाची जनुकं हाती आली, आणि ऑक्सफर्डमध्ये अॅलन टाउनसेंड यांनी दाखवलं की फ्लूचं अख्खं प्रथिन लागतच नाही. प्रयोगशाळेत बनवलेला त्याचा छोटा तुकडा निरोगी पेशींवर टाकला तरी मारक टी पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. एम१चा आपला नऊ अमिनो आम्लांचा भाग ज्यात आहे तो पट्टा एचएलए-ए२ बरोबर ओळखला जातो, हे १९८७ मध्ये त्याच ऑक्सफर्डच्या गटाने प्रसिद्ध केलं.

त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला हार्वर्डहून चित्र आलं. जॅक स्ट्रॉमिंगर यांच्या प्रयोगशाळेत मानवी पेशींच्या पृष्ठभागावरून पपेन या विकराने एचएलए-ए२ रेणू कापून घेऊन शुद्ध केला जाई. डॉन वाइली यांच्या प्रयोगशाळेत पॅमेला ब्योर्कमन यांनी त्याचे स्फटिक वाढवले आणि त्यांवर क्ष-किरण टाकून रचना काढायचा घाट घातला. विद्यार्थिनी म्हणून हाती घेतलेलं हे काम पीएचडी झाल्यावरही संपलं नव्हतं, म्हणून त्या तिथेच थांबल्या. रचना उलगडली तेव्हा रेणूच्या माथ्यावर, म्हणजे पेशीपासून सर्वांत दूरच्या टोकाला, एक खोबण दिसली. तळाला आठ पट्ट्यांचा पत्रा आणि दोन बाजूंना दोन सर्पिल दांडे. लांबी सुमारे २५ अँगस्ट्रॉम, रुंदी १० आणि खोली ११. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

आणि खोबण रिकामी नव्हती. आत काहीतरी होतं, पण धूसर. रेणूच्या ज्ञात साखळीत न बसणारी इलेक्ट्रॉनांची एक दाट रेघ. ती धूसर का, हे आज सहज सांगता येतं: स्फटिकातल्या प्रत्येक रेणूत वेगळा तुकडा होता, आणि क्ष-किरणांना त्या सगळ्यांची सरासरी दिसत होती. आणखी एक गोष्ट त्या चित्राने एका फटक्यात उलगडली. माणसामाणसांतल्या एचएलए रेणूंत कोणत्या जागांवर अमिनो आम्लं बदलतात याच्या याद्या आधीपासून तयार होत्या, पण त्यांत काही सुसंगती दिसत नव्हती. चित्रावर त्या जागा मांडल्या तर बहुतेक खोबणीच्या तळाला आणि भिंतींना लागून निघाल्या. माणसं एकमेकांपासून वेगळी आहेत ती इथे, तुकडा जिथे बसतो तिथे. विज्ञानातल्या इतक्या बोलक्या आकृत्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

खोबण तुकडा कसा निवडते हे ट्युबिंगनमध्ये हान्स-गेओर्ग रामेन्सी, किर्स्टन फाल्क आणि ओलाफ र्‍योट्झश्के यांनी शोधलं. त्यांनी पेशींवरचे एचएलए रेणू गोळा केले, आम्लाने त्यांतले तुकडे धुवून काढले आणि हजारो तुकड्यांचं मिश्रण एकत्रच वाचलं. १९९१ मध्ये निकाल आला तो थक्क करणारा होता. एचएलए-ए२ मधल्या तुकड्यांत दुसऱ्या जागी ठळकपणे ल्युसीन किंवा मिथिओनीन, आणि नवव्या जागी व्हॅलीन किंवा ल्युसीन. मधल्या जागा मोकळ्या. याचं कारण खोबणीच्या तळातल्या खळग्यांत आहे. दुसऱ्या अमिनो आम्लाची बाजूसाखळी ज्या खळग्यात उतरते त्याला बी म्हणतात, नवव्याचा खळगा एफ. ए२ मध्ये दोन्ही खळगे तेलकट, पाण्याला न मानवणारे. म्हणून तिथे तेलकट स्वभावाचीच अमिनो आम्लं रमतात. तुकड्याची दोन टोकं मात्र प्रत्येक माणसात सारख्याच अमिनो आम्लांनी पकडून ठेवलेली असतात, एका बाजूला टायरोसिनांचा गट आणि दुसऱ्या बाजूला लायसीन, थ्रिओनीन वगैरे. टोकं अशी बंद असल्यामुळे तुकडा आठ ते दहा अमिनो आम्लांचाच हवा. आता एम१चा तुकडा पुन्हा पाहा. दुसऱ्या जागी आयसोल्युसीन, नवव्या जागी ल्युसीन. दोन्ही तेलकट. बसला.

एचएलएचा दुसरा वर्गही आहे, डीआर, डीक्यू, डीपी या नावांचा. तो सगळ्या पेशींवर नसतो. त्याच्या खोबणीची टोकं उघडी असतात, म्हणून तेरा ते पंचवीस अमिनो आम्लांचे लांब तुकडे त्यात मावतात, आणि ते मारक नव्हे तर साहाय्यक टी पेशींना दाखवले जातात. गहू न पचणाऱ्या सिलिअॅक रुग्णांची कथा इथे घडते. जवळपास सगळ्या सिलिअॅक रुग्णांकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ असतो. त्यांच्या खळग्यांना ऋण भार असलेली अमिनो आम्लं भावतात. आतड्यातलं एक विकर गव्हातल्या ग्लूटेनच्या तुकड्यांतल्या ग्लुटामिनाचं ग्लुटामिक आम्ल करतं, भार येतो, आणि एरवी सैल बसणारा तुकडा पक्का बसतो.

आता टी पेशीची बाजू. तिच्या ग्राहकाला अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन वळसे. १९९६ मध्ये हार्वर्ड आणि कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतून ग्राहक, तुकडा आणि रेणू असे एकत्र पकडलेल्या अवस्थेतले स्फटिक समोर आले. ग्राहक खोबणीवर तिरका टेकतो. प्रत्येक साखळीचे पहिले दोन वळसे मुख्यतः खोबणीच्या दोन दांड्यांना, म्हणजे आपल्या स्वतःच्या रेणूला, स्पर्श करतात. सर्वांत जास्त विविधता असलेला तिसरा वळसा मधोमध तुकड्यावर उतरतो. कॅनबेराचा वाद इथे मिटला. ग्राहक एकच, आणि त्याचा एकच पृष्ठभाग स्वतःला आणि परक्याला एका स्पर्शात चाचपतो.

एम१च्या तुकड्याचं चित्र २००३ मध्ये ऑक्सफर्डहून आलं. खोबणीत बसल्यावर हा तुकडा आश्चर्यकारकरीत्या सपाट दिसतो. बाहेर डोकावणारं, हाताला लागावं असं त्यात जवळजवळ काही नाही. तरी टी पेशींना तो सापडतो, कारण तुकडा आणि एक सर्पिल दांडा यांच्या मधे एक फट राहते आणि ग्राहकाच्या बीटा साखळीच्या तिसऱ्या वळशातलं अर्जिनीन आपली लांब बाजूसाखळी त्या फटीत खोचतं. एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या माणसांतही या तुकड्यावर धावून जाणाऱ्या पेशी बहुतेक वेळा तोच बीटा जनुकखंड आणि त्याच जागी अर्जिनीन-सेरीन ही जोडी वापरताना आढळतात. हाच तुकडा का, याच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग तो हा.

ही पकड इतकी नेमकी असूनही ढिली असते, आणि ही गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. तयारीचं प्रतिपिंड आपल्या लक्ष्याला जितकं घट्ट धरतं, त्याच्या हजारपट सैल पकड टी पेशीच्या ग्राहकाची. स्पर्श काही सेकंदांत सुटतो. मारक पेशीवरचं सीडी८ प्रथिन बाजूने एचएलए रेणूला टेकू देतं तेव्हा थोडा आधार मिळतो. एका पेशीवर असे एचएलए रेणू लाखाच्या घरात असतात, त्यांत विषाणूचा तुकडा धरणारे दहा-वीसही नसले तरी मारक पेशीला पुरतात. सैल पकडीमुळेच ती एकाकडून सुटून दुसऱ्याकडे जाऊ शकते. शिवाय प्रत्येक ग्राहकाला अनेक तुकडे चालावेच लागतात, कारण शक्य तुकड्यांची संख्या टी पेशींच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठी आहे. एकच ग्राहक दहा लाखांहून अधिक वेगवेगळ्या तुकड्यांना प्रतिसाद देऊ शकतो हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं आहे. जो ग्राहक स्वतःच्या तुकड्यांना फार घट्ट धरतो, त्याची पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीतच मारली जाते.

या चाळणीला वळसा घातला तर काय होतं ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका उपचाराच्या हकिकतीत वाचायला मिळतं. अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांच्या टी पेशी बाहेर काढून त्यांत प्रयोगशाळेत मुद्दाम पकड घट्ट केलेला ग्राहक घालण्यात आला. लक्ष्य होतं मेज-ए३ या कर्कपेशींतल्या प्रथिनाचा तुकडा, एचएलए-ए१ मध्ये बसलेला: ग्लुटामिक आम्ल, व्हॅलीन, अस्पार्टिक आम्ल, प्रोलीन, आयसोल्युसीन, ग्लायसीन, हिस्टिडीन, ल्युसीन, टायरोसीन. पहिले दोन्ही रुग्ण पेशी दिल्यावर काही दिवसांतच हृदय बंद पडून दगावले. हृदयात मेज-ए३ नव्हतंच. शोध घेता घेता टायटिन सापडलं, स्नायूंतलं ३४ हजारांहून अधिक अमिनो आम्लांचं अवाढव्य प्रथिन. त्यात एका जागी असं आहे: ग्लुटामिक आम्ल, सेरीन, अस्पार्टिक आम्ल, प्रोलीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, अॅलनीन, ग्लुटामीन, टायरोसीन. नवांपैकी पाच जागा तंतोतंत सारख्या, आणि त्यांत ए१च्या खळग्यांत उतरणाऱ्या तिसऱ्या आणि नवव्या जागाही आल्या. आधीच्या चाचण्यांत हे लक्षात आलं नाही. मूलपेशींपासून बनवलेल्या, धडधडणाऱ्या हृदयपेशींवर तपासलं तेव्हा कुठे दिसलं. या दोन माणसांच्या मृत्यूनंतर असा प्रत्येक ग्राहक मानवी प्रथिनांच्या सगळ्या संभाव्य तुकड्यांशी ताडून पाहण्यावर फार मोठा भर दिला जाऊ लागला.

एचएलए जनुकांचे आजवर ३० हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. प्रत्येक प्रकार म्हणजे थोडी वेगळी खोबण, आणि त्याचे परिणाम दवाखान्यापर्यंत येतात. एचएलए-बी*५७ हा प्रकार असलेली काही माणसं औषधांवाचून वर्षानुवर्षं एचआयव्ही दाबून ठेवतात. त्यांच्या खोबणीत विषाणूच्या कवचाचा असा भाग बसतो, की तिथे बदल करून निसटायला गेलं तर विषाणूचंच बळ कमी होतं. त्याच गटातल्या बी*५७:०१ च्या खोबणीत अबाकॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध तुकड्याच्या खाली जाऊन बसतं, त्यामुळे वेगळेच तुकडे बसू लागतात आणि शरीर स्वतःवर उलटतं. फिट्सवर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं कार्बामॅझेपीन बी*१५:०२ असलेल्यांना कातडी सोलून काढणारी जीवघेणी प्रतिक्रिया देऊ शकतं. आशियाई वंशाच्या रुग्णांची ही तपासणी आधी करा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच सांगितलं.

जानेवारी २०२२ मध्ये टेबेंटाफस्प या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. डोळ्यातल्या मेलॅनोमा या कर्करोगावर ते देतात, आणि त्याचा कणा म्हणजे टी पेशीचाच ग्राहक, मोकळा करून पकड वाढवलेला. पण ते चालतं फक्त ए२चा ए*०२:०१ हा प्रकार असलेल्यांना. युरोपात हा प्रकार भरपूर आढळतो, म्हणून सगळ्यात जास्त अभ्यास त्याचाच झाला. भारतात ए२ म्हणून जे मोजलं जातं त्यातला मोठा हिस्सा ए*०२:११ चा आहे, आणि त्याच्या खोबणीतले तुकडे वाचण्याचं काम ए*०२:०१ च्या मानाने फार थोडं झालं आहे. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय संस्थेसारख्या प्रयोगशाळांत भारतीय समाजांच्या एचएलए प्रकारांची नोंद बऱ्याच वर्षांपासून होत आली. कुणाकडे कोणती खोबण आहे ते त्यातून कळतं. तिच्यात काय बसतं ते कळायला ट्युबिंगनची तीच पद्धत लागते, आम्लाने तुकडे धुवून काढायचे आणि वाचायचे; फरक इतकाच की आजचा मास स्पेक्ट्रोमीटर मिश्रणाची सरासरी न देता एकेक तुकडा वेगळा ओळखतो, एका नमुन्यातून हजारो. ए*०२:११ असलेल्या माणसांच्या पेशींवर हे काम आपल्याच देशात, आपल्याच प्रयोगशाळांत आणि लवकर व्हायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.